सेन्सॉर नसतानाही भीतीच्या राजकारणाला वृत्तपत्रांची साथ कशी मिळते? (संदर्भ: इराक, 2002-03)

नीराकाठ (प्रश्न)

आणीबाणीत आपल्याकडची बहुतेक वृत्तपत्रे का गप्प बसली, हे समजून घेणे तुलनेने सोपे आहे. 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली, पाठोपाठ सेन्सॉर आला, आणि देशाला अंतर्गत अशांततेचा व परकीय हाताचा धोका आहे, हे सरकारचे म्हणणे उघडपणे तपासून पाहण्याची सोयच उरली नाही. माझा प्रश्न याच्या नेमक्या उलट परिस्थितीविषयी आहे. 2002 च्या उत्तरार्धापासून मार्च 2003 पर्यंत अमेरिकेत सेन्सॉर नव्हता, संपादकांना अटक होत नव्हती, न्यायालये आणि संसद यांचे काम नेहमीप्रमाणे चालू होते. तरीही सद्दाम हुसेन यांच्याकडे महासंहारक शस्त्रे आहेत आणि ती कोणत्याही क्षणी अमेरिकेवर चालवली जातील, ही भीती लोकांच्या मनात पक्की रुजली. युद्ध सुरू होऊन जवळजवळ सहा महिने झाल्यावर, सप्टेंबर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पाहणीत 69 टक्के लोकांना 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांत सद्दाम यांचा व्यक्तिशः हात असण्याची शक्यता वाटत होती. त्याच महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तसा पुरावा नसल्याचे सांगितले.

कोणतीही सक्ती नसताना हे कसे घडले? मालकांचे हितसंबंध, देशभक्तीचा दबाव, प्रेक्षकसंख्येची चढाओढ ही उत्तरे माझ्या वाचनात आहेत. ती खोटी नसावीत, परंतु अपुरी वाटतात. एखादी विशिष्ट भीती सरकारी कचेरीतून निघून वाचकाच्या मनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, हे कोणी उदाहरणासह सांगू शकेल का? आणि खरा इशारा कोणता व राजकीय वापरासाठी वाढवलेली भीती कोणती, हे चौकशी समित्यांचे अहवाल येण्यापूर्वी, त्या क्षणीच, ओळखता येते का?

जुना_उपसंपादक

नीराकाठ, ही वाट एका दिवसापुरती अगदी स्वच्छ दाखवता येते. तो दिवस म्हणजे रविवार, 8 सप्टेंबर 2002.

त्या सकाळी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर मायकेल गॉर्डन आणि जुडिथ मिलर यांची बातमी होती. इराक विशिष्ट प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याचा प्रयत्न करत आहे आणि त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्रांसाठी आहेत, असे तिचे सार होते. बातमीचा मुख्य आधार होता नाव न सांगणारे सरकारी अधिकारी. पहिला पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच समोर येईल, ही धास्तीही त्यांच्याच तोंडची म्हणून बातमीत आली होती. त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी एनबीसी वाहिनीवर आले आणि त्यांनी या नळ्यांविषयी बोलताना 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील बातमीचा हवाला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस सीएनएनवर आल्या आणि अणुस्फोटाच्या ढगाचे तेच चित्र त्यांनी प्रेक्षकांसमोर उभे केले. सरकारी अधिकाऱ्यांनी पुरवलेली माहिती वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर गेली आणि काही तासांतच सरकारमधील सर्वांत वरिष्ठ व्यक्तींनी तिचा उल्लेख एका स्वतंत्र, प्रतिष्ठित दैनिकाचे वृत्त म्हणून केला. प्रेक्षकाला दोन साक्षीदार दिसले. वास्तविक साक्षीदार एकच होता.

मी बरीच वर्षे वृत्तपत्राच्या टेबलावर काम केले आहे, म्हणून सांगतो, की यात बातमीदाराने खोटे लिहिण्याची गरज पडत नाही. अधिकारी तसे म्हणाले, हे शब्दशः खरे असते. दोष त्यानंतरच्या टप्प्यावर घडतो. त्या नळ्यांविषयी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते त्या नळ्या सेंट्रीफ्यूजसाठी योग्य नव्हत्या; साध्या तोफखान्याच्या अग्निबाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या नळ्यांशी त्यांचे माप जुळत होते. हा मतभेद पुढे थोडाफार छापून आला, पण आतल्या पानावर आणि खालच्या परिच्छेदांत. पहिल्या पानावर धोका आणि आतल्या पानावर शंका, अशी मांडणी महिनोन्महिने होत राहिली, तर वाचकाच्या स्मरणात धोकाच राहतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 26 मे 2004 रोजी संपादकीय निवेदन देऊन आपले त्या काळातील वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, हे मान्य केले. 'वॉशिंग्टन पोस्ट'नेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतःची तपासणी छापली, आणि शंका घेणाऱ्या बातम्यांना पहिले पान मिळत नव्हते, हाच तिचा मुख्य निष्कर्ष होता.

हे सगळे अटळ होते, असे मात्र कोणी समजू नये. नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयातील जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे बातमीदार, त्यांचे प्रमुख जॉन वॉलकॉट यांच्या पाठिंब्याने, त्याच महिन्यांत पुराव्याच्या कमकुवतपणाविषयी सातत्याने लिहीत होते. ते मंत्र्यांऐवजी मधल्या फळीतील विश्लेषकांशी आणि तांत्रिक जाणकारांशी बोलत असत. दुर्दैव असे, की या समूहाचे एकही दैनिक वॉशिंग्टनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये निघत नव्हते, त्यामुळे धोरण ठरवणाऱ्यांच्या आणि दूरचित्रवाणीच्या संपादकांच्या टेबलावर त्यांच्या बातम्या क्वचितच पोहोचल्या.

सह्याद्रिवासी

वरील विवेचन मोलाचे आहे, परंतु त्यातून सर्व काही रचलेले होते असा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सद्दाम यांच्या राजवटीने मार्च 1988 मध्ये हलब्जा येथे कुर्द नागरिकांवर रासायनिक अस्त्रे टाकली होती. संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक डिसेंबर 1998 मध्ये इराकमधून बाहेर पडले होते आणि पुढची जवळजवळ चार वर्षे तेथे निरीक्षण झालेच नाही. युद्धाला विरोध करणाऱ्या देशांच्या गुप्तचर यंत्रणांनाही इराककडे काही जुना साठा शिल्लक असावा, असे वाटत होते. शिवाय सुमारे तीन हजार माणसे एका सकाळी मारली गेलेली, त्यानंतर टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या जिवाणूंनी पाच बळी घेतलेले, अशा समाजात शासनाने सावध राहायचे नाही तर काय करायचे? पुढचा हल्ला झाला असता, तर इशारा का दिला नाही म्हणून हीच वृत्तपत्रे सरकारवर तुटून पडली असती. राज्यकर्त्यांची भीतीही खरी असू शकते, हे आपण विसरतो.

विदुला_का

सह्याद्रिवासी, आपला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यातील बरेचसे मी मान्य करते. धोका मुळातून कल्पित असेल तरच भीतीचे राजकारण होते, असे नाही. बहुतेक वेळा मुळाशी एखादी खरी जखम असते आणि म्हणूनच ते चालते. प्रश्न त्यापुढचा आहे. 'काही जुना साठा शिल्लक असावा' हा अंदाज आणि 'अणुस्फोटाचा ढग' ही प्रतिमा, यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पुराव्याने भरून काढलेले नव्हते. ज्या अहवालांत 'कदाचित', 'बहुधा', 'एका यंत्रणेचे मत भिन्न आहे' असे शब्द होते, त्यांतून हे शब्द गाळत गाळत उरलेले वाक्य जनतेसमोर ठेवले गेले. ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थांचा जो एकत्रित अंदाज तयार झाला, त्याच्या गोपनीय प्रतीत मतभेद नोंदवलेले होते. जनतेसाठी काढलेल्या छोट्या प्रतीत ते बरेच पुसट झाले. राज्यकर्त्यांचा विश्वास प्रामाणिक होता असे धरले, तरी ही काटछाट त्या विश्वासाने क्षम्य ठरत नाही.

ब्रिटनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने 24 सप्टेंबर 2002 रोजी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात इराकची काही शस्त्रे आदेशापासून 45 मिनिटांत वापरता येतील, असे म्हटले होते. दुसऱ्या दिवशी 'द सन'ने ब्रिटिश नागरिक सर्वनाशापासून 45 मिनिटांवर असल्याचा मथळा छापला. मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या कमी पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती, लंडनपर्यंत पोहोचणाऱ्या क्षेपणास्त्रांविषयी नव्हती. वृत्तपत्रांनी चुकीचा अर्थ काढला आहे, हे संरक्षणमंत्र्यांना कळले होते, तरी खुलासा करण्यात आला नाही. 2004 मध्ये ब्रिटिश गुप्तचर माहितीची चौकशी करणाऱ्या बटलर समितीने, हा दावा कोणत्या शस्त्रांविषयी आहे हे सांगितल्याशिवाय त्या पुस्तिकेत घालायलाच नको होता, असे नमूद केले. 2016 मध्ये इराक युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट अहवालाने धोक्याचे गांभीर्य ज्या खात्रीने मांडले गेले ती खात्री समर्थनीय नव्हती, असा निष्कर्ष दिला. माझ्या मते येथे सर्वांत गंभीर बाब ती मूळ ओळ नव्हेच. गैरसमज आपल्या सोयीचा आहे हे दिसल्यावर तो तसाच राहू देणे, ही गंभीर बाब आहे. त्यासाठी कोणालाही खोटे बोलावे लागत नाही.

एडिसनकर

मी त्या वर्षांत न्यू जर्सीत राहत होतो, त्यामुळे यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे घरातल्या भीतीविषयी लिहितो. मार्च 2002 पासून धोक्याची पातळी पाच रंगांत जाहीर होऊ लागली. वाहिन्यांच्या पडद्यावर तळाशी तो रंग कायम दिसत असे आणि तो कोणत्या माहितीवरून बदलतो, हे सामान्य माणसाला तपासता येत नसे. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे भाषण केले; 7 फेब्रुवारीला पातळी नारिंगी झाली आणि त्यानंतर काही दिवसांत खिडक्या-दारे बंद करण्यासाठी प्लॅस्टिक व चिकटपट्टी घरी ठेवण्याचा सल्ला अधिकाऱ्यांनी दिला. दुकानांत या वस्तू संपल्या. हे दोन प्रसंग जाणूनबुजून जोडले होते, असा दावा मी करत नाही. पण रात्री खिडकीला प्लॅस्टिक लावायचे की नाही, याचा विचार करणारा माणूस ॲल्युमिनियमच्या नळीची जाडी विचारत बसत नाही, हे मी आसपासच्या अनेक घरांत पाहिले.

या भीतीची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थांचा, केवळ पगडी व दाढीमुळे, गोळी घालून खून झाला. 2002 च्या सप्टेंबरपासून 25 देशांतील पुरुषांना सक्तीच्या विशेष नोंदणीसाठी बोलावण्यात आले. त्यांतील 24 देश मुस्लिमबहुल होते. ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि त्यातून दहशतवादाचा एकही गुन्हा सिद्ध झाला नाही. भारताचे नाव त्या यादीत नव्हते, म्हणून आमच्या मंडळातील अनेकांना तो आपला प्रश्न वाटला नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

सत्तेचा मुद्दा नीराकाठ यांच्या प्रश्नात आहेच, म्हणून एक गोष्ट जोडतो. इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात 296 विरुद्ध 133 आणि सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 मतांनी ऑक्टोबर 2002 मध्ये संमत झाला, आणि 5 नोव्हेंबरला मध्यावधी निवडणूक होती. जॉर्जियात मॅक्स क्लेलंड हे सिनेटर पुन्हा उभे होते. व्हिएतनाममध्ये त्यांनी दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता, आणि इराकविषयीच्या ठरावाच्या बाजूनेच त्यांनी मतदान केले होते. तरीही अंतर्गत सुरक्षेच्या एका विधेयकावरील त्यांच्या मतांचा आधार घेऊन, ओसामा बिन लादेन आणि सद्दाम यांची छायाचित्रे दाखवणारी जाहिरात त्यांच्याविरुद्ध चालवली गेली. क्लेलंड हरले आणि सिनेट रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात गेले.

नीराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. विदुला यांनी दाखवलेला काटछाटीचा मुद्दा मला नवा आहे. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उभा आहे: हे सर्व आपण 2004 आणि 2016 च्या अहवालांच्या उजेडात पाहतो आहोत. त्या वेळच्या साध्या वाचकाला काय दिसू शकले असते?

जुना_उपसंपादक

बरेच काही दिसू शकले असते. नोव्हेंबर 2002 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रनिरीक्षक हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक इराकमध्ये परतले होते आणि अमेरिकेने संशयित म्हणून सांगितलेल्या काही ठिकाणी जाऊनही त्यांना साठे सापडत नव्हते, हे उघड वृत्त होते. 7 मार्च 2003 रोजी, म्हणजे आक्रमणाच्या दोनच आठवडे आधी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत जाहीरपणे दोन गोष्टी सांगितल्या: त्या नळ्या सेंट्रीफ्यूजसाठी घेतल्या जात असण्याची शक्यता फारशी नाही, आणि इराकने नायजर देशातून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे अस्सल नाहीत. सहा महिने ज्या दोन गोष्टींवर अणुभयाचा सारा डोलारा उभा होता, त्या दोन्ही त्या दिवशी सर्वांसमोर कोसळल्या. ज्या वृत्तपत्राने नळ्यांचा धोका पहिल्या पानावर सांगितला, त्याने हे निवेदन कोणत्या पानावर, किती जागेत दिले, एवढे पाहिले तरी वाचकाला पुष्कळ कळते.

माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सुचवतो. भीती घालणाऱ्या बातमीत बोलणाऱ्याचे नाव नसेल, तर त्या माहितीतून कोणाला लाभ होतो, हे बातमीतच लिहिले आहे का ते पाहावे. तीच माहिती दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या तोंडी आली, तर ती दोनदा सिद्ध झाली असे समजू नये. आणि तपासणीसाठी वेळ मागणाऱ्यांना काय वागणूक मिळते, याकडे विशेष लक्ष द्यावे. खरा इशारा देणाऱ्या शासनाला तपासणीची अडचण सहसा वाटत नाही, कारण तपासणीतून त्याचे म्हणणे पक्केच होणार असते. 2003 च्या मार्चमध्ये ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. ते त्यांना देण्यात आले नाहीत. आक्रमणानंतर शस्त्रांचा शोध घेणाऱ्या अमेरिकेच्याच इराक सर्वेक्षण गटाने पुढे, 2004 च्या शरद ऋतूत, रासायनिक साठे 1991 मध्येच नष्ट करण्यात आले होते असा निष्कर्ष दिला.

विदुला_का

यात आपल्याकडील एका गोष्टीची भर घालते, कारण काळ तोच आहे. डिसेंबर 2001 मध्ये आपल्या संसदेवर हल्ला झाला आणि 26 मार्च 2002 रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा संमत झाला. हल्ला खरा होता, भीतीही खरी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तमिळनाडूतील एमडीएमके पक्षाचे नेते व तत्कालीन खासदार वायको यांना एका भाषणासाठी या कायद्याखाली अटक झाली आणि ते वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिले. त्यांचा पक्ष तेव्हा केंद्रातील सत्ताधारी आघाडीतच होता. 2004 मध्ये पोटा रद्द झाला, पण त्याच वेळी त्यातील बऱ्याच तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने आणल्या गेल्या, आणि त्या दुरुस्तीवर झालेली जाहीर चर्चा मूळ कायद्याच्या तुलनेत फारच थोडी होती. नीराकाठ यांना पुढे वाचायचे असल्यास त्यांनी या दोन्ही वेळची संसदेतील भाषणे शेजारी ठेवून वाचावीत, असे मी सुचवेन. ती संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत.