विषय: आजोबांचा बर्मा स्टार

नमस्कार मंडळी,
रिमेम्ब्रन्स संडेच्या (युद्धात कामी आलेल्यांच्या ब्रिटनमधल्या स्मरणदिनाच्या) पोस्टर्ससाठी घरच्या सैनिकांची माहिती मागवली आहे, म्हणून लिहिते. माझे आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलात फिटर, म्हणजे विमानांचे मेकॅनिक, होते. १९४४ साली इंफाळला, पहिल्या स्क्वाड्रनबरोबर. स्वतः कधी उडाले नाहीत. घरी बोलायचे ते चिखलाबद्दल आणि तेलकट कपडे वाळायचेच नाहीत त्याबद्दल. गणवेशातला फोटो नाही. एक बर्मा स्टार, म्हणजे बर्मा आघाडीचं ताऱ्याच्या आकाराचं पदक आहे, फीत पार विटलेली. एवढ्यावर पोस्टर कसं करू?
– अ.

अगं, आधी तो तारा उलटा करून भिंगाखाली धर. ब्रिटिश सैनिकांचे तारे मागून कोरे असत, भारतीयांच्या ताऱ्यांवर मात्र नंबर आणि नाव ठोकून द्यायचे. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. त्यांच्या स्वतःच्या सेवेच्या नोंदी इथे ब्रिटनमध्ये शोधू नकोस. आईच्या सहीने दिल्लीला, सुब्रतो पार्कच्या हवाई दल रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कर. नात्याचे कागद जोड.

स्क्वाड्रनच्या नोंदी मात्र इथे आहेत: लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागारात) ‘एअर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या आहेत. त्यात पायलटांची नावं उड्डाणागणिक सापडतात, फिटरचं क्वचितच. हिरमुसू नकोस, तारखा बघ. मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला, तो २२ जूनला मोकळा झाला. मधे इंफाळला सगळं आकाशातूनच यायचं. तशातही स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग यांची हरिकेन लढाऊ विमानं टेहळणीला जात राहिली. त्यांना डीएफसी हा शौर्याचा सन्मान मिळाला आणि तो योग्यच होता, पण रात्री इंजिन उघडून सकाळी विमान हाती देणारे हात तुझ्या आजोबांसारख्यांचे. वेढ्यातल्या एका दिवसाचं पान मोठं करून लाव, खाली आजोबांचं नाव आणि ‘फिटर’.

आणि सजावट समितीला विनंती: स्पिटफायरचं चित्र नको. देखणं असलं तरी यांच्याकडे तेव्हा हरिकेनच होती.
– काका

काका, नंबर आहे! आडनावाची इंग्रजांनी वाट लावली आहे, पण वाचता येतं. डिस्चार्जचा कागद पुण्यात मामाच्या ट्रंकेत असावा, त्याला माळ्यावर चढवलंय. शनिवारी क्यूला जातेय. रीडर्स तिकीट (कागद बघण्याचं वाचक-ओळखपत्र) काढून कुणी सोबत येणार का? वह्या दोघांनी चाळल्या तर बरं.
– अ.