धुळं आखलं कुणी? एकदाचं गणित मांडू या

गल्ली नंबर चार:
शाळेच्या ग्रुपवर काल परत तीच पोस्ट आली. "धुळे हे सर विश्वेश्वरय्यांनी आखलेले शहर, चंदीगडच्याही आधीचे." खाली अंगठ्यांची रांग. मी फक्त सालं विचारली, तर "तुला चांगलं काही बघवतच नाही" असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणून इथं लांबलचक लिहितोय.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861चा. इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खान्देशच्या कारभाराचं ठाणं म्हणून धुळं निवडलं ते पेशवाई बुडाल्याबरोबर, आणि कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली जानेवारी 1819मध्ये. लांबलांबून कारागीर आणले. येऊन घर बांधील त्याला जागा कायमची बिनभाड्याची, वर बांधकामाला उचल. तेव्हा गावात घरं 401 आणि माणसं 2,509. गॅझेटिअरात छापलेलं आहे, माझ्या घरचं नाही. म्हणजे ज्यांनी शहर आखलं म्हणता, त्यांना जन्माला यायलाच अजून बेचाळीस वर्षं होती.

आमच्या आजोबांच्या ओट्यावर बसलं की गल्लीचं दुसरं टोक दिसायचं. दूधवाला वळला की आजी आतूनच पातेलं घेऊन निघायची. एवढी सरळ गल्ली आपोआप होत नाही, हे मलाही कळतं. पण म्हणून ज्याचं नाव मोठं त्याच्या खात्यावर टाकायची का?

निवृत्त ओव्हरसियर:
भाऊ, गाव वसवणं वेगळं आणि आखणं वेगळं. तुमच्या ब्रिग्जनं जागा वाटल्या, मान्य. 1872मध्ये आपल्या पांझरा नदीला मोठा पूर आला, घरादारांची नासाडी झाली. त्यानंतर किती बांधकाम नव्यानं झालं असेल? आणि 1884ला विश्वेश्वरय्या बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून लागले ते इकडंच. साक्री तालुक्यातला दातर्तीचा सायफन, म्हणजे प्रवाहाखालून पाणी पलीकडं नेणारी नळी, त्यांचा. तेविसाव्या वर्षी! मी नोकरीत असताना मुद्दाम पाहायला गेलो होतो, चपला काढून हात जोडले. तुमच्या पिढीला कुणाचं मोठेपण सोसतच नाही.

गल्ली नंबर चार:
काका, 1872ला विश्वेश्वरय्या अकरा वर्षांचे होते. पूर ओसरल्यावर काय दप्तर घेऊन मोजणीला आले? सायफन हजार वेळा मान्य. पण सायफन केला म्हणून गल्ल्याही त्यांच्याच, तर मग माझ्या आत्याच्या मोरीचा उतारही त्यांनीच काढला असणार. तो मात्र चुकलाय.

जळगावकर:
1906ला खान्देशचे दोन तुकडे झाले तेव्हापासून धुळेकरांना फक्त जुनं उगाळायचं काम उरलंय. चालू द्या भो.

डंडीतला धुळेकर:
जळगावकर, तुमच्याकडं केळी आहेत, भरताची वांगी आहेत, गप्प बसून खा.

मूळ मुद्द्यावर येतो. मी राहतो स्कॉटलंडात, डंडीला. तिथून सेंट अँड्र्यूज बसनं अर्ध्या तासावर. परवा तिथल्या जुन्या गोल्फ मैदानाबद्दल कामावर हाच वाद झाला. एक म्हणे, ओल्ड टॉम मॉरिसनं आखलं, म्हणजे जुन्या काळच्या नामांकित गोल्फपटूनं. मॉरिस जन्मला 1821ला. मैदानावरची 22 होल्सची (चेंडू घालायच्या भोकांची) 18 झाली ती 1764ला! खेळ तर त्याच्याही कितीतरी आधीचा. मॉरिसनं पुष्कळ सुधारणा केल्या, अठराव्या होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, त्याचंच, पण मूळ मैदानाचा आराखडा काढणारा कुणी एक माणूसच नाही. समुद्राकाठची वाळू, गवत, आणि वाऱ्याला आडोसा शोधत मेंढ्यांनी उकरलेले खड्डे. त्याच खड्ड्यांना आता बंकर म्हणतात, आणि त्यात चेंडू गेला की भले भले रडतात. इकडं स्कॉटलंडात प्रत्येक जुन्या मैदानाला मॉरिस हवा असतो, आपल्याकडं प्रत्येक सरळ रस्त्याला विश्वेश्वरय्या.

निवृत्त ओव्हरसियर:
मेंढ्यांची आणि विश्वेश्वरय्यांची तुलना वाचायची वेळ आली. धन्य.

पांझराकाठ:
मेंढ्यांचा मुद्दाच बरोबर आहे. तुम्ही दोघं दोन साहेबांवरून भांडताय. ब्रिग्जनंच लिहून ठेवलंय की धुळं हे लहानसं गाव, भोवती बागायत, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला पाट, मध्ये कोंडलेलं. तो पाट कुणाचा होता? ब्रिग्ज यायच्या आधीचा! गावाला वाढायला जागा कुठं आणि किती, हे त्या पाटानं ठरवलं. आणि 1803ला होळकरांच्या धाडी नि दुष्काळानं गाव ओस पडलं, ते पुढच्या वर्षी पुन्हा वसवलं विंचूरकर सरदारांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी. त्यांच्या नावाला एक तरी अंगठा?

आमचं थळ, म्हणजे पाटाखालची जमीन, पांझरेवरच्या एका बंधाऱ्याखाली. वडील सांगायचे, एका फडात, म्हणजे एकाच पिकाच्या सामाईक पट्ट्यात, सगळ्यांचा ऊस तर सगळ्यांचाच ऊस, तिथं कुणी हरभरा टाकायचा नाही. पाणी वाटणारा पाटकरी सांगेल तेव्हा पाणी, राखणीला जागल्या रात्री फिरायचा. पाणी कमी तर सगळ्यांनाच कमी. वर मालनगाव, लाटीपाडा ही धरणं झाली आणि खालच्या बंधाऱ्यांत गाळ उरला. आमच्या पाटात आता प्लास्टिक वाहतं, तेही पावसाळ्यात. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत, म्हणजे शेतांचे गट पाडून पाळीनं पाणी द्यायची रीत, आणली ती आमचे फड बघूनच.

निवृत्त ओव्हरसियर:
कागद दाखवा. ऐकीव नको.

पांझराकाठ:
कागद? गल्ल्यांचा कागद कुठाय तुमचा? स्वतःला हवं तिथं नमस्कार, दुसऱ्यानं बोललं की कागद! धरणं बांधताना तुमच्या खात्यानं आमच्या पाटकऱ्याला एक शब्द विचारला होता का?

निवृत्त ओव्हरसियर:
धरण नसतं तर शहरानं काय प्यायलं असतं? फडाची समानता? शेवटच्या शेतकऱ्याला विचारा किती समान होती ती. माझे मामा पाटाच्या शेपटाला होते. रात्र रात्र बांधावर बसून सकाळी कोरडे परत यायचे. तुम्ही लोकांनी फडाचा देव केलाय.

अमळनेरची सून:
पाण्याचं निघालंच आहे तर सांगते. माहेर धुळ्याचं. लहानपणी आई भांडी, हंडे, टाकी, सगळं भरून झालं की वाट्यासुद्धा भरून ठेवायची. आम्ही हसायचो. आता भावाकडं गेले की पहिला प्रश्न मीच विचारते, नळ कधी येणारेत? परवा पहाटे चारला आले. वहिनीनं मला उठवून पाइप हातात दिला, पाहुणी म्हणून सोडलं नाही. शहर कुणीही आखलेलं असो, त्याला तेवढा पाण्याचा दिवस कळवायला सांगा.

गल्ली नंबर चार:
ताई, हा धागा नळाचा नाही. पांझराकाठ, पाटाचं मात्र पटलं. मी ब्रिग्जला जरा जास्तच देत होतो. जागा त्यानं दिल्या, पण गल्ल्यांच्या खुंट्या त्यानं स्वतः ठोकल्या असं माझ्याकडंही काही नाही. ब्लॉक पद्धतीचं मात्र काकांचं बरोबर. कागदाशिवाय नको.

निवृत्त ओव्हरसियर:
उपकार झाले. चला, मीही उदार होतो. "आखलं"च्या जागी "पाटबंधाऱ्याचं काम केलं" असं म्हणू.

गल्ली नंबर चार:
मग ग्रुपवर तशी दुरुस्ती टाका की. तुम्हीही आहात त्यात.

निवृत्त ओव्हरसियर:
ते जमणार नाही. पोस्ट आमच्या व्याह्यांनी टाकलीय.