कारच्या अलार्मला दरवाजे, डिकी आणि बॉनेट यांचे स्विच कसे जोडावेत?

कोथरूडकर:
नमस्कार. माझ्या २००९ सालच्या गाडीला कंपनीचा अलार्म नाही. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेल्या अलार्मला दरवाजांसाठी एकच निगेटिव्ह ट्रिगर वायर (बॉडीला टेकली की अलार्मला इशारा देणारी) आहे. गाडी रात्रभर रस्त्यावर उभी असते, म्हणून डिकी आणि बॉनेटही त्याच वायरीवर घ्यायचे आहे. डिकीची वायर दरवाजांच्या वायरीला थेट जोडून पाहिली, तर डिकी उघडताच छताचा दिवाही लागू लागला. काय करावे?

तारांगण:
अशा गाड्यांत दिव्याला १२ व्होल्टचा पुरवठा कायम असतो आणि दरवाजा उघडला की चौकटीतला स्विच दिव्याची दुसरी वायर बॉडीला टेकवून त्याला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) देतो. आपण वायरी एकत्र केल्यामुळे डिकीचा स्विच आता डिकीच्या आणि छताच्या अशा दोन्ही दिव्यांना अर्थ देत आहे. अलार्मच्या वायरीला दोन फाटे काढून (एक दरवाजांच्या, एक डिकीच्या स्विचकडे) प्रत्येकात वन एन ४००७ हा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला; तापकीर गल्लीत तो सहज मिळतो. डायोडवरील पांढरा पट्टा स्विचच्या बाजूलाच हवा, कारण तो उलटा बसला तर दरवाजा उघडल्याचे अलार्मला कळणारच नाही. त्याआधी मल्टिमीटरने खात्री करा: दरवाजा बंद असताना त्याच्या स्विचच्या वायरीवर सुमारे १२ व्होल्ट आणि उघडल्यावर शून्य दिसले पाहिजे.

कोथरूडकर:
आभारी आहे. दरवाजा लावल्यावर दिवा हळूहळू विझतो. त्याची अडचण होईल का?

तारांगण:
होईल. दिवा पूर्ण विझेपर्यंत अलार्मला दरवाजा उघडाच वाटू शकतो. म्हणून वायर दिव्यापाशी न घेता थेट दरवाजाच्या स्विचपाशी घ्या.

पाषाण रस्ता:
बॉनेटविषयी अनुभवाने सांगतो. माझ्या गाडीचा स्विच पाणी वाहून जाणाऱ्या पन्हळीत बसवला गेला होता. जुलैच्या पावसात त्यात पाणी शिरून अर्थ मिळाला आणि मध्यरात्री सायरनने सगळी सोसायटी जागी झाली. शेजारी एक आजारी आजोबा राहतात, त्यामुळे मला फार वाईट वाटले. स्विच उंच, कोरड्या जागी बसवा, त्यावर रबरी टोपी घाला, छिद्राच्या कडेला गंजरोधक रंग लावा, मात्र स्विच जिथे बॉडीला टेकतो तेवढा भाग घासून उघडा ठेवा, नाहीतर अर्थच मिळणार नाही. बॉनेट लावल्यावर स्विचची दांडी पुरेशी दाबली जाते का, हे थोडी चिकणमाती ठेवून तपासता येते. इंजिनाकडून आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या छिद्रात बसणाऱ्या कड्यातूनच) घ्या आणि कामाला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा.