संमतीपत्रावर सही झाली म्हणजे संमती मिळाली का?

मृद्गंध
ऑपरेशनच्या आधी पुढे येणाऱ्या छापील कागदावर बऱ्याच ठिकाणी एक ओळ असते: 'काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही.' डिपॉझिट भरता भरता तिथे सही होते. पेशंट बाई असेल तर अनेकदा सही नवऱ्याची. वैद्यकीय कायदा शिकायला लागल्यावर कळलं की निष्काळजीपणा झाला असेल तर ही ओळ कुणालाही वाचवत नाही. आणि पेशंट सज्ञान, शुद्धीवर असताना तिच्या वतीने दुसऱ्या कुणाची सही चालत नाही.

समीरा कोहली खटला बघा (सर्वोच्च न्यायालय, 2008). 44 वर्षांची अविवाहित बाई, अंगावरून जास्त जात होतं म्हणून दुर्बिणीने तपासणी ठरली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. जीवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. न्यायालयाने ही संमती मानली नाही. भरपाई मात्र 25 हजार!

माझा आक्षेप पुढच्या भागावर आहे. पेशंटला किती सांगायचं, याचं माप त्याच निकालाने 'डॉक्टरमंडळी सर्वसाधारणपणे जेवढं सांगतात तेवढं' असं ठेवलं. ब्रिटनने 2015 च्या माँटगोमेरी निकालात ते सोडून दिलं. मधुमेह असलेल्या, लहान चणीच्या आईला बाळाचा खांदा अडकण्याचा 9-10 टक्के धोका सांगितलाच नव्हता. सांगितला तर ती सिझेरियन मागेल, असं डॉक्टरांना वाटलं. आता तिथे त्या विशिष्ट पेशंटला काय महत्त्वाचं वाटेल ते सांगावं लागतं. आपल्याकडे का नको?

डॉ. कोयनाकाठ
कारण आपली ओपीडी तुम्ही पाहिलेली नाही. मी तालुक्याच्या गावी सर्जन आहे. कोहली निकालातच आपल्याकडची गरिबी आणि सरकारी दवाखान्यांवरचा ताण विचारात घेतला आहे. ते माप आंधळेपणाने ठेवलेलं नाही. 1995 च्या शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, त्यानंतर आमचं पहिलं लक्ष कागदावर गेलं, बोलण्यावर नाही. माप आणखी कडक करा, दोन पानी फॉर्म आठ पानी होईल. अंगठा मात्र तोच. त्यात अवघड केस पुढे पाठवून द्यायची वृत्ती वाढेल, आणि त्या पेशंटला रात्री अडीच तासांचा प्रवास करावा लागेल.

वकील_सांगलीकर
डॉक्टरांशी सहमत, कारण वेगळं. आपल्या कायद्याचा पाया आपल्याच मातीतला आहे. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पूर्ण भूल न देता, तीन माणसांनी पाय ओढून हाड बसवलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना निष्काळजी ठरवलं आणि तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, तो करताना काळजी. एवढं नीट पाळलं तरी पुष्कळ. परदेशी माप कशाला?

मृद्गंध
दादा, तुमच्याच यादीत बघा ना. तिन्ही कर्तव्यं डॉक्टरांच्या डोक्यात आणि हातात आहेत. पेशंटशी बोलणं त्यात कुठे आहे? ती जागा 2008 ने भरली, पण अर्धीच. डॉक्टरांनी सांगितलेली गर्दी मला मान्य आहे. पण गर्दीचा तोटा नेहमी पेशंटनेच का सोसायचा?

गोदातीर
मी वीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. कायद्यातलं फार कळत नाही. आमच्याकडे गर्भपातासाठी आलेल्या सज्ञान बाईकडेही नवऱ्याची सही मागतात, कायद्याला फक्त तिची लागते. ती घाबरून परत जाते आणि नंतर कुठेतरी भलतंच करून घेते. याला वेळ नाही हे कारण लागू होत नाही.
बाकी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी एकच विचारते, "मावशी, उद्या काय करणार आहेत तुमचं?" 'पोटातली गाठ काढणार' म्हणणाऱ्या मावशींना पिशवीही जाणार हे माहीत नसतं, असं किती वेळा झालंय. मग मी डॉक्टरांना बोलावते. दोन मिनिटं लागतात.

डॉ. कोयनाकाठ
नवऱ्याच्या सहीबद्दल सिस्टरांचं शंभर टक्के बरोबर, ते आजच बंद व्हायला हवं. आदल्या संध्याकाळचा प्रश्नही मी माझ्याकडे सुरू करतो. पण उद्या केस झाली तर त्या दोन मिनिटांचा पुरावा काय?

मृद्गंध
केसपेपरवर पेशंटच्याच शब्दांत दोन ओळी, तारीख, वेळ, सिस्टरची सही. कोर्टात छापील फॉर्मपेक्षा त्याला जास्त वजन येईल.

डॉ. कोयनाकाठ
आणि तिसरी ओळ लिहायची राहिली, त्यावरच बोट ठेवलं तर? तुमच्या मापाने त्या पेशंटला काय महत्त्वाचं वाटलं असतं, हे केस उभी राहिल्यावर ठरणार, मी तिच्यासमोर बसलेलो असताना नाही. लिहीन मी दोन ओळी. विरोध कायम.