भाऊसाहेब निंबाळकरांच्या फलकावर ४४३ शिवाय काय लिहावे?

प्रश्न : शाळामास्तर, कोल्हापूर

आमच्या शाळेत कोल्हापूरच्या खेळाडूंची ओळख करून देणारे एक छोटे दालन उभे राहत आहे. त्यातील भाऊसाहेब निंबाळकर यांच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला आहे. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्म, ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरातच निधन आणि मधे नाबाद ४४३ धावा, एवढे लिहून मी थांबलो आहे. एका डावावर संपूर्ण कारकीर्द तोलणे मला पटत नाही. शिवाय ते अधिकृत कसोटी सामना कधीच खेळले नाहीत, ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना कशी सांगावी, हेही सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : पंचगंगाकाठ

मास्तर, आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि मला वाटते फलकाची सुरुवात कारकिर्दीच्या लांबीपासून करावी. १९३९-४० च्या हंगामापासून १९६४-६५ पर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. या काळात ८० सामन्यांत त्यांनी १२ शतकांसह ४,८४१ धावा केल्या आणि त्यांची सरासरी ४७.९३ इतकी राहिली. महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर, राजस्थान आणि रेल्वे यांच्याकडूनही ते खेळले. मध्यमगती गोलंदाजी करून त्यांनी ५८ बळी मिळवले आणि प्रसंगी यष्टीरक्षणही केले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. फलंदाजी, गोलंदाजी आणि यष्टीरक्षण या तिन्ही कामांना उभा राहणारा माणूस संघाला किती मोलाचा असतो, हे मैदानावर खेळणाऱ्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तर २ : गुणलेखक

मी अनेक वर्षे स्थानिक सामन्यांचे गुणलेखन करतो, त्यामुळे त्या डावाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. आमच्या वहीत प्रत्येक फलंदाजाला एक आडवी ओळ असते. दीडशेच्या पुढे गेलेल्या फलंदाजाच्या धावा त्या ओळीत मावत नाहीत आणि अक्षर बारीक करत शेजारच्या रिकाम्या जागेत शिरावे लागते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब ४९४ मिनिटे खेळले आणि त्यांनी ४९ चौकार व एक षटकार मारला. चौकार-षटकारांच्या धावा २०२ होतात, म्हणजे उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. मास्तर, माझी विनंती आहे की हा २४१ चा आकडा फलकावर अवश्य घ्यावा, कारण चेंडू तटवून दुसऱ्या टोकाकडे धावण्याचे कष्ट त्यातच दिसतात. पहिल्या डावात काठियावाडच्या २३८ धावा झाल्या होत्या आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ अशी होती. त्यांच्यासोबत दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी करणाऱ्या कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या, त्यांचाही उल्लेख व्हावा.

उत्तर ३ : शाहूपुरीकर

डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम गाठायला नऊ धावा हव्या असताना मध्यंतर झाले आणि प्रतिस्पर्धी कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. हा प्रसंग मुलांना सांगावाच. फक्त त्या नऊ धावांची हळहळ फलकाच्या मथळ्यात नको, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे.

कसोटीबद्दल आपण विचारलेत. त्या वेळी वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता आणि मुंबईची कसोटी १३ डिसेंबरला संपली होती. भाऊसाहेबांचा सामना १६ तारखेला सुरू झाला. याहून योग्य वेळी कोणी दार ठोठावले नसेल, तरीही ते उघडले नाही. त्याच मालिकेत रुसी मोदी आणि विजय हजारे यांनी प्रत्येकी पाचशेच्या वर धावा केल्या, म्हणजे मधल्या फळीत जागा मिळवणे कठीण होते हे मान्य करायला हवे. पण एका अधिकृत कसोटीपुरतीही जागा मिळू नये, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते. राष्ट्रकुल संघाविरुद्ध १९४९-५० मध्ये एक अनधिकृत कसोटी तेवढी त्यांच्या वाट्याला आली. पुढे २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

शाळामास्तर, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मथळा आता ‘पंचवीस वर्षे मैदानावर’ असा करतो. त्याखाली ८० सामने आणि ५८ बळी येतील, आणि ४४३ चा आकडा चौकार, षटकार व पळून काढलेल्या २४१ धावा अशा फोडीसह मांडेन. कसोटीबद्दल ‘अधिकृत कसोटी संघात त्यांची निवड झाली नाही’ असे सरळ वाक्य लिहितो. शाहूपुरीकर, मुंबईची कसोटी आणि पुण्याचा सामना यांच्या तारखा मी त्या वाक्याशेजारीच देणार आहे. कारण विचारायला मुले माझ्याकडे येतीलच.