मदत हवी आहे: पोलंडच्या ‘एक्स्ट्रा बॉल’बद्दल

पोलिश जॅझ-रॉक ऐकणारं कुणी आहे का इथे? क्राकूवचा गिटारवादक यारोस्वाव श्मिएताना याने १९७४ मध्ये काढलेल्या ‘एक्स्ट्रा बॉल’ या बँडने सध्या वेड लावलंय. ‘बर्थडे’ हा त्यांचा १९७६ चा अल्बम, ‘पोलिश जॅझ’ मालिकेतला ४८वा. कौतुक वाचायला मिळालं ते बहुतेक गिटारचंच. ते रास्तच, पण व्वाडिस्वाव सेंदेत्स्कीचे कीबोर्ड्स आणि ओलेय्निचाकचा सॅक्सोफोन काढून घ्या, मग उरतं काय? (गिटारवाल्यांनो, रागावू नका!)

त्या काळच्या समीक्षकांनी नेमकं काय लिहिलं होतं? वॉर्साच्या ‘जॅझ फोरम’ मासिकाची इंग्रजी आवृत्तीही निघायची. तिचे सत्तरच्या दशकातले अंक पुण्या-मुंबईत कुणाकडे, एखाद्या ग्रंथालयात आहेत का? स्कॅनही चालतील. आणि ‘बर्थडे’नंतर त्यांचं काय ऐकावं?