वय ७७, प्रोस्टेट कॅन्सर निघालाय – ऑपरेशन, रेडिएशन की नुसतं लक्ष ठेवायचं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ७७ वर्षांचे, कराडला असतात, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. २०१९ ला अँजिओप्लास्टी झालीय, एक स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू. शुगर आहे पण कंट्रोलमध्ये. बाकी एकदम खुटखुटीत माणूस, रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन येतात, भाजी स्वतः आणतात आणि भाव स्वतः करतात.

रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणून दाखवायला गेलो तर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ११.८ आला, मग एमआरआय, मग बायोप्सी. १२ पैकी ५ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे गुण) ३+४=७. एमआरआयमध्ये ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही म्हणाले, बोन स्कॅन क्लीअर.

आता घोळ असा की तीन डॉक्टर आणि तीन मतं. युरॉलॉजिस्ट म्हणतात रोबोटिक ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाका, विषय संपला, साधारण साडेचार लाख धरून चला. रेडिएशनवाले डॉक्टर म्हणतात या वयात कशाला कापाकापी, रेडिएशन आणि सोबत हार्मोनची (पुरुषी हार्मोन बंद करणारी) इंजेक्शनं. आणि आमचे फॅमिली डॉक्टर, जे अण्णांना ३० वर्षं ओळखतात, ते म्हणाले काहीच करू नका, या वयात हा आजार हळू चालतो, माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. एका ठिकाणी तर जेमतेम पाच मिनिटं दिली आणि तारीख घेऊन टाका म्हणाले, प्रश्न विचारायलाही तोंड उघडू दिलं नाही.

मी चाकणला नोकरीला, बहीण सांगलीला, आईचे गुडघे गेलेत. अण्णांना अजून कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, प्रोस्टेटला गाठ आहे एवढंच सांगितलंय. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

टपालवाला_नाशिक

मी स्वतः पेशंट आहे, वय ७४. ७१ व्या वर्षी निदान झालं. माझा ग्लीसन ३+३ होता, म्हणजे सगळ्यात सौम्य, त्यामुळे मी लक्ष ठेवण्याचा मार्ग घेतला, दर सहा महिन्यांनी पीएसए, मधे एमआरआय आणि एकदा परत बायोप्सी. आजतागायत एक रेडिएशन नाही की एक टाका नाही. पण माझं उदाहरण तुमच्या अण्णांना जसंच्या तसं लावू नका, ३+४ म्हणजे एक पायरी वर.

आणखी एक. 'काहीच करू नका' आणि 'लक्ष ठेवा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्ष ठेवायचं म्हणजे तपासण्या वेळच्या वेळी करायच्या आणि आजार हलला की उपचार सुरू करायचे, बरं करायच्या इराद्याने. 'काहीच करू नका' मध्ये तपासण्यांचा ससेमिरा नसतो, त्रास झाला तर त्या त्रासापुरतं बघायचं. ज्यांना बाकीचेच आजार मोठे आहेत त्यांच्यासाठी ते ठीक. फॅमिली डॉक्टरांना नेमकं कुठलं म्हणायचंय ते विचारा.

आता खरं सांगायचं ते. अण्णांना सांगा. माझ्या मुलांनीही माझ्यापासून लपवलं होतं, आठ दिवस. मी ३८ वर्षं पोस्टात काढली, बंद पाकीट हातात घेतलं की आत काय आहे याचा वास येतो मला. मुलगा गाडी पार्क करायला गेला तेवढ्यात फाईल उघडली, ॲडिनोकार्सिनोमा असं लिहिलेलं, त्यातलं कार्सिनोमा समजायला डॉक्टर लागत नाही. वाईट कॅन्सरचं वाटलं नाही हो तेवढं. घरात मी आलो की सगळे एकदम क्रिकेटवर बोलायला लागायचे, त्याचं वाटलं. शरीर त्यांचं आहे, पुढची १० वर्षं कशी काढायची हे ते सोडून कोण ठरवणार?

---

गुळवेल

ऑपरेशन अजिबात करू नका. चाकू लागला की कॅन्सर पसरतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. बायोप्सी केली तिथेच चूक झाली. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, काढा देतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

टपालवाला_नाशिक

@गुळवेल, माझी दोनदा बायोप्सी झालीय, २४ सुया खाल्ल्यात, पसरला असता तर तुम्हाला उत्तर द्यायला बसलो नसतो. ऑपरेशन करायचं की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्याचं कारण हे नव्हे. आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाला डॉक्टरांना न विचारता काढे देऊ नका.

---

लिनॅकवाला

मी रेडिएशनचा टेक्निशियन, कोल्हापूर साइडला. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण धागा वाचून एक प्रश्न पडला: अण्णा आधीपासून लघवीसाठी काही गोळी घेतायत का? स्ट्रिपवर टॅम्सुलोसिन आणि त्याच्या पुढे ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड लिहिलंय का बघा. कारण ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर पोटात गेलं की पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे कागदावर ११.८ असेल तर तो धरायचा २३-२४. आणि २० च्या वर गेला की आजार मध्यम जोखमीतून जास्त जोखमीच्या खणात जातो, मग नुसतं लक्ष ठेवण्याची गोष्टच वेगळी होते आणि इंजेक्शनांचा काळही बदलतो. पेशंट सांगत नाहीत कारण त्यांना ती 'लघवीची गोळी' वाटते, आणि नवीन डॉक्टर विचारतातच असं नाही. साधी टॅम्सुलोसिन असेल तर हा प्रश्न नाही.

रेडिएशनचं म्हणाल तर आता पूर्वीसारखे सात-आठ आठवडे लागत नाहीत, बऱ्याच ठिकाणी २० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. काही निवडक पेशंटना ५ सिटिंगमध्येही देतात. दुखत नाही, मशीन भोवती फिरतं, टेबलावर असता १०-१५ मिनिटं. खरी कसरत वेगळीच असते. रोज मूत्राशय सारखंच भरलेलं आणि पोट साफ लागतं, कारण मागे गुदाशयात गॅस असला की प्रोस्टेट पुढे सरकतो आणि नेम चुकतो. त्यामुळे आधी लघवी करायची, मग मोजून पाणी प्यायचं, सेंटरप्रमाणे माप वेगळं, आणि अर्धा-पाऊण तास धरून बसायचं. आमच्याकडे बाहेरच्या बाकावर रोज सहा-सात आजोबा असे घड्याळाकडे बघत बसलेले असतात, एकमेकांना हसवू नका अशी धमकी देत. ज्यांना आधीच धरवत नाही त्यांचे हाल होतात, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोला. त्या महिन्यात उसळी, कोबी, वाटाणे बंद.

---

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असतो, माझ्या सासऱ्यांच्या वेळी बरंच वाचलं होतं. इथे प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, १६४३ पुरुष, चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गटांत वाटले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. १५ वर्षांचे निकाल २०२३ ला आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू तिन्ही गटांत साधारण ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणण्यासारखा फरक नाही. आजार शरीरात इतरत्र जाण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्या गटात जवळपास दुप्पट होतं, ९.४ टक्के, बाकी दोन्हीत ५ च्या आगेमागे. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलेच.

पण यातले लोक सुरुवातीला ५० ते ६९ वयाचे होते आणि बहुतेकांचा आजार सौम्य किंवा मध्यम. वरची गोळीची शंका खरी निघाली तर हे आकडे अण्णांना लागू करता येणार नाहीत. त्रासाचं मात्र उपयोगी पडेल: ऑपरेशनवाल्यांत लघवी गळणं आणि पॅड लागणं जास्त, रेडिएशनवाल्यांत शौचाच्या तक्रारी जास्त. अण्णांना यातलं काय चालवून घेता येईल ते त्यांनाच विचारा. हृदयातल्या स्टेंटचा मुद्दाही आहेच.

---

उदगीरची_सून

माझ्या सासऱ्यांना ७९ व्या वर्षी कळलं तेव्हा हाडात पसरला होता, कंबर दुखते म्हणून वर्षभर मलम चोळत बसले होते. त्यामुळे आमच्याकडे ऑपरेशन की रेडिएशन असा प्रश्नच नव्हता, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन बंद करायचं एवढाच उपाय. ते दोन पद्धतीने होतं, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन किंवा दोन्ही वृषण काढून टाकायचे, छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. घरातले पुरुष माना खाली घालून बसलेले, शेवटी मीच मामंजींना विचारलं, पदर सावरून. ते म्हणाले, 'अगं नातवाचं लग्न झालं, आता ते काय प्रदर्शनाला ठेवायचंत?' झालं ऑपरेशन, सोबत गोळ्या, नंतर चार वर्षं चांगली गेली.

हे मुद्दाम लिहितेय कारण 'हार्मोनचं इंजेक्शन' ऐकायला साधं वाटतं. तसं नाहीये. अंगातून वाफा निघायच्या, डिसेंबरात फॅन पाचवर. दंडाचं मांस उतरलं, पोट सुटलं, हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि डी चालू, आणि कधी नव्हे ते सिरीयल बघून रडायला लागले. शुगर वाढते. अण्णांना स्टेंट आहे म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन सुरू करू नका. हाडांची डेक्सा तपासणी आधीच करून ठेवा. आणि चालणं सोडू देऊ नका, तेच औषध.

खर्चाचं: ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. कुठल्या हॉस्पिटलात कुठला उपचार त्यात बसतो ते मात्र आधी तिथल्या, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, ॲडमिट झाल्यावर नव्हे. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं झालं तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर समितीची जागा आहे, नंबर लागायला वेळ लागतो.

---

लिनॅकवाला

टाटाचं निघालंच आहे म्हणून, बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक (तुकड्यांचे जपून ठेवलेले नमुने) लॅबमधून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मोठ्या सेंटरला परत वाचून घेतात आणि कधी कधी ग्लीसन बदलतो. ३+४ आणि ४+३ दोन्हीची बेरीज ७ च, पण दुसरा जास्त खट्याळ.

---

कोयनाकाठ

पाच आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार, उशीर झाला.

लिनॅकवाला, तुमच्या पाया पडायचं राहिलंय. त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा डबा उघडायला लावला. टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड, दोन वर्षांपासून, कराडच्याच एका डॉक्टरांनी दिलेली, आणि तिन्ही डॉक्टरांपैकी कुणालाही आम्ही सांगितलं नव्हतं कारण आम्हालाच ती गॅसची गोळी वाटत होती. रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगितल्यावर ते मिनिटभर गप्पच बसले, मग म्हणाले पीएसए दुप्पट धरू. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर अंगभर शोधणारा) करायला लावला, बोन स्कॅनपेक्षा बारीक दिसतं म्हणे. कुठे पसरलेला नाही. काचा परत वाचल्या, ३+४ च कायम.

आणि टपालवाले काका, अण्णांना सांगितलं. ओसरीवर बसून, मी आणि ताई दोघं. ताई रडली, मी पण थोडा. अण्णांनी चष्मा पुसला आणि तीन प्रश्न विचारले: किती दिवस जाणं-येणं, किती पैसे, आणि लघवी ताब्यात राहील का. ऑपरेशननंतर काही महिने पॅड लागू शकतो, कुणाकुणाला कायमचा, असं सांगितलं तर म्हणाले, 'कराड-चिपळूण गाडीवर १४ वर्षं काढली, कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली तरी धरून बसायचो, बायकाप्रवासी असायच्या. आता लंगोट लावून फिरणार नाही.' संपलं, त्यांच्यापुरतं ऑपरेशन तिथेच बाद. काहीच केलं नाही तर काय हेही विचारलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तब्येत बघता १० वर्षं सहज धरायला हरकत नाही आणि तेवढ्यात हा आजार त्रास देऊ शकतो. मग म्हणाले, करून टाकू.

रेडिएशन २० सिटिंग ठरलंय. इंजेक्शन दीड ते दोन वर्षं म्हणाले होते, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून पहिलं मागच्या आठवड्यात दिलं, पुढचं बघत बघत ठरवणार. फॅमिली डॉक्टरांनाही सगळं दाखवलं, ते म्हणाले गोळीचं मला आधी कळायला हवं होतं. अण्णांची पाणी धरायची प्रॅक्टिस घरी सुरू झालीय. स्टीलचा तांब्या, आईच्या मापाने दोन भरून, आणि जुन्या ड्युटीच्या डायरीत वेळ लिहून ठेवतात, काल ३५ मिनिटं झाली.

सोमवारपासून सुरू. सोबत काय काय न्यावं?

---

लिनॅकवाला

नाडीचा ढिला पायजमा, बेल्ट-चेनची पँट नको, रोज काढघाल करायला वेळ जातो आणि तेवढ्यात धरवत नाही. एक जादा पायजमा पिशवीत, पहिल्या आठवड्यात एखाद्या दिवशी लागतोच, त्याचं काही वाटून घेऊ नका म्हणावं. आत एसी फार असतो, कानटोपी चालते. ती ड्युटास्टेराइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि सकाळचा नंबर मागून घ्या, दुपारनंतर मशीन लेट चाललं की बाकावरचे आजोबा फार शिव्या घालतात.